आत्याची कवळी

"पहिलं वर्ष तेवढं काढ गं. मग काय, सगळं सोपंच आहे."

हे ज्या सीनियर मुलीने खडूला सांगितलं होतं, तिला कधीतरी गाठून जाब विचारायचा असं खडूने पक्कं ठरवलं होतं. कारण दुसऱ्या वर्षी तीच बया म्हणाली, "दुसरं वर्ष खरं अवघड. तेवढं काढ." तिसऱ्या वर्षी आणखी कोणीतरी तिची री ओढली. आणि शेवटचं वर्ष उजाडलं तेव्हा धीर द्यायला पुढे कोणी उरलंच नव्हतं, सगळे पास होऊन निघून गेले होते. दातांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात सोपं वर्ष म्हणून काहीतरी असतं असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, बघितलेलं कोणीच नसतं.

खडू हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. हात बसेपर्यंत मुलं खडूवर, साबणावर, हाताला लागेल त्यावर सराव करतात. ही बाई इतके खडू कोरायची की कानाच्या पाळीपासून चपलेपर्यंत पांढरी. वर्गाने नाव ठेवलं खडू, आणि ते घरापर्यंत पोचलं. घरातले साबणही तिने सोडले नाहीत. मोरीत साबण म्हणून हातात घ्यावं तर निघायची वरची दाढ, मुळांसकट.

"मी अंगाला साबण लावायचा की दाढेला आंघोळ घालायची?" बाबा मोरीतून ओरडायचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालून आलेल्या माणसाला साबण लागतो, आणि तोही साबणाच्या आकाराचा लागतो.

पण कोरणं परवडलं, पाठांतर नको, अशी गत होती. हाडं, स्नायू, नसा, नसांच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या. आज पाठ केलेलं उद्या साफ. एकदा पुस्तक भिंतीवर भिरकावून ती म्हणाली, "मी मठ्ठ आहे. मला नाव काढून घरी बसवा."

तेव्हा उठली आत्या.

ही आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, जन्मभर एका शाळेत मुलांना कवायत शिकवली आणि मग भावाकडे येऊन राहिली. उंच, ताठ, चालताना अजूनही टाच आधी टेकणारी. फक्त तोंडापुढे सदा रुमाल. त्याचं कारण पुढे येईलच. तर आत्याने पुस्तक उचललं, झटकलं आणि खडूला खुर्चीवरून उठवलं.

"बशून पाठ होत नशतं. चालत म्हण. एक पाय, एक नाव."

दात नसल्यामुळे आत्याचा 'स' असा घसरायचा. पण खडू हसली नाही. घरात आत्याच्या बोलण्याला कोणी हसत नसे. दोघी त्या एवढ्याशा खोलीत गोल गोल फिरायला लागल्या, डावा पाय, उजवा पाय, नस, फांदी, फांदीची फांदी. आई दारात उभी राहून म्हणाली, "वन्सं, खालचे लोक वर येतील हो." खालचे लोक खरंच वर आले. पण खडू पहिलं वर्ष पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तिचे पाय बाकाखाली कवायत करत होते.

दुसऱ्या वर्षी पुस्तकं पातळ झाली म्हणून ती खूश झाली, आणि तिथेच फसली. आता डोक्याऐवजी हाताची परीक्षा होती. प्लास्टरच्या जबड्यांवर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात उभा करून अख्खी कवळी बसवायची. मेण जास्त तापलं की दात बुडतो, कमी तापलं की पडतो. एक दात सरळ करावा तर शेजारचा रुसतो. पहिली कवळी बसवायला तिला काही आठवडे लागले, बोटं भाजली, आणि कवळी विभागाच्या मॅडमनी तिच्याकडे एक नजर टाकून मेणाची सुरी दाताखाली घातली. टक् करून दात बाहेर.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

या मॅडमना दोनच शब्द येतात अशी वर्गाची समजूत होती. एक 'पुन्हा' आणि दुसरा 'दिसतंय तर'. दुसरा शब्द, म्हणजे तुला नजर आहे अशी पावती, फार थोड्यांच्या नशिबी यायचा. वर्षाच्या शेवटी तो खडूच्या नशिबी आला. तिची कवळी विभागाच्या कपाटात ठेवली गेली, आणि ती घरी येऊन सगळ्यांसमोर नाचली.

तिसऱ्या वर्षी त्या प्लास्टरच्या जबड्यांना जीभ फुटली. लाळ आली, भीती आली, घरची गाऱ्हाणी आली. प्लास्टरचा जबडा कधी "जरा थांबा हो डॉक्टर, मला शिंक येतेय" म्हणत नाही. एक आजोबा तिचं बोट चावले आणि वर "तुमचंच बोट मध्ये आलं" म्हणाले. अभ्यास तासांत मोजला तर पहिल्या वर्षाच्या निम्माही नसेल, पण संध्याकाळी घरी यायची ती पिळून वाळत टाकल्यासारखी. त्यात ठरावीक कामं पुरी करायला पेशंट आपले आपण मिळवायचे. मग काय, जो भेटेल त्याच्या दातांवर हिची नजर. शेजारीपाजारी तिच्यासमोर जांभई द्यायला घाबरायचे. बाबांच्या तीन दाढा भरून झाल्या, आईची अक्कलदाढ निघाली. एक आत्याच तेवढी हाताला लागत नव्हती. तिचा रुमाल आणि ती.

आता ते कारण. आत्याचे दात हिरड्यांच्या दुखण्याने गेले, तेव्हा खडू शाळेत होती. आत्याने कवळी करून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मैदानावर गेली. अख्खी शाळा रांगेत उभी. आत्याने छाती भरून घेतली, 'सावधान' म्हणून हाक दिली, आणि खालची कवळी तोंडातून सुटून गवतावर पडली.

पोरं ती पोरंच. हसली. हसून हसून रांगा मोडल्या. आत्याने कवळी उचलली, पुसून खिशात घातली, शांतपणे "जा वर्गात" म्हणाली आणि महिनाभरात मुदतीआधी निवृत्त झाली. त्या दिवसापासून कवळी डब्यात, डबा फडताळात, आणि तोंडापुढे रुमाल. कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "ते दात डब्यातच शोभतात." खणखणीत आवाजाची ती बाई घरातसुद्धा हळू बोलायला लागली. खडूला याचा राग यायचा. कोणावर काढावा हे कळायचं नाही, म्हणून तो तसाच पोटात राहायचा.

आणि मग शेवटचं वर्ष. डोकं, हात, माणसं, सगळं एकदम. सकाळी पेशंट, दुपारी पेशंट, मधल्या वेळात आठ विषय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काय करायचं ते कोणी सांगेना. पूर्वी विचारलं की सर सांगायचे. आता विचारलं की सरच उलटे विचारायचे, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं! मला वाटतं घरी जाऊन झोपावं, असं खडू मनात म्हणायची आणि तोंडाने काहीतरी शहाणपणाचं बोलायची.

शेवटच्या प्रॅक्टिकलला जिवंत पेशंटची पूर्ण कवळी बसवायची असते. दोन दिवस चालतं ते. पहिल्या दिवशी तोंडाचा चावा मापायचा, म्हणजे दोन्ही जबडे एकमेकांवर नेमके कुठे मिटतात ते मेणात उतरवून घ्यायचं, आणि त्या मापावर दात बसवायचे. दुसऱ्या दिवशी ते मेणातले दात पेशंटच्या तोंडात घालून बाहेरच्या परीक्षकांना दाखवायचे. नापास झालं तर अर्धं वर्ष मागे. बरोबरचे सगळे डॉक्टर होऊन पुढे जाणार आणि आपण ज्युनियर पोरांबरोबर पुन्हा तेच मेण तापवत बसणार.

खडूने यासाठी एक निवृत्त पोस्टमन हेरून ठेवले होते. काय जबडा होता त्यांचा! उंच, भरदार कडा, कवळी ठेवली की चिकटून बसलीच पाहिजे. वर्गातले सगळे त्या जबड्यावर डोळा ठेवून होते. पण परीक्षा तोंडावर आली आणि पोस्टमनकाकांच्या मुलीला बाळ झालं. ते परगावी गेले. जाताना फोन करून म्हणाले, "नातू झाला, डॉक्टर!" खडूने अभिनंदन केलं आणि फोन ठेवून रडायला लागली.

"रडतेश काय?" आत्या म्हणाली. "मी येते."

"तू?"

"दात नशलेलं माणूशच हवंय ना?"

खडूने आत्याच्या तोंडात पाहिलं. जबड्याच्या कडा पार झिजून सपाट. असल्या जबड्यावर खालची कवळी टिकवताना मुरलेल्या डॉक्टरांचीही फजिती होते. मॅडमनी पाहिलं, म्हणाल्या, "अवघड केस आहे. विचार कर." पण दुसरा पेशंट आणायचा कुठून? आत्याने मात्र आधीच बजावून ठेवलं, "मी तुझ्याशाठी तोंड उघडते. कवळीशाठी नाही. परीक्षा झाली की ते दात जातील डब्यात."

पहिला दिवस बरा गेला. बरा काय, फारच छान गेला. चावा मापला, दोन्ही जबड्यांचे साचे त्या उघडझाप करणाऱ्या पितळी यंत्रावर चढवले, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात संध्याकाळच्या आत उभे राहिले. जाताना मॅडम थांबल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतंय तर." खडू तरंगत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते दात आत्याच्या तोंडात बसवले. आत्याने चावून दाखवलं. टक्! वरचे खालच्यांवर असे मिटले की शेजारच्या खुर्चीपाशी उभी असलेली शिडी टाळ्या वाजवायला लागली. शिडी म्हणजे खडूची जिवाभावाची मैत्रीण. सहा फुटांची पोरगी, पेशंटच्या तोंडात बघायला तिला कमरेत दोनदा वाकावं लागायचं.

"तू सुटलीस बघ," शिडी म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्याचं बघ, चार वेळा चार ठिकाणी चावलाय."

परीक्षक हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. सर बारीक अंगाचे आणि हातात पेन्सिल. पेन्सिलीने एकेका दातावर टकटक करत ते रांगेतून येत होते, पण इतक्या सावकाश की खडूच्या ओळीपर्यंत यायला दुपार होणार हे उघड होतं. खुर्ची मऊ होती, मागे कललेली होती. आत्या पहाटे उठलेली. तिचा डोळा लागला.

खडू सहज तिच्याकडे बघत उभी होती. आणि बघता बघता तिला काहीतरी खटकलं. झोपेत आत्याचा चेहरा वेगळाच दिसत होता. हनुवटी मागे गेली होती, गाल सैल पडले होते. हा चेहरा तिने कुठेतरी पाहिला होता. कुठे? मग आठवलं. लहानपणी, आत्याच्या खांद्यावर बसून मैदानाला चक्कर मारताना वाकून पाहिलेला चेहरा. दात जायच्या आधीचा.

तिने अंगठा हळूच आत्याच्या हनुवटीला लावला आणि जबडा मिटवला. तो अगदी सहज मिटला, तेल घातलेल्या बिजागरीवर दार मिटतं तसा. पण दात जुळलेच नाहीत. वरचे पुढे, खालचे बोटभर मागे, आणि दाढा एकमेकींना चुकवून भलतीकडेच.

तेवढ्यात आत्याला जाग आली. त्याच क्षणी तिचा जबडा झटक्यात पुढे आला. टक्! सगळे दात जुळले.

खडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि सगळी स्वतःवर. दात गेल्यापासून बसलेलं तोंड दिसू नये म्हणून आत्या खालचा जबडा पुढे काढून धरायची. इतकी वर्षं धरला की ती सवयच झाली, आणि घरच्यांना तोच तिचा चेहरा वाटायला लागला. परक्या माणसाला कदाचित पहिल्या भेटीत खटकलं असतं. खडूला कसं खटकणार? ती रोज त्या चेहऱ्यासमोर जेवायला बसायची. तिने काल मोठ्या कौतुकाने जो चावा मापला होता तो आत्याचा नव्हताच, तो आत्याच्या लाजेचा होता. आणि ती पहिली कवळी? ती करणाऱ्यासमोरही आत्या जबडा असाच पुढे धरून बसली असणार. मोठ्याने हाक द्यायला तोंड उघडलं, जबडा आपल्या जागी गेला, आणि कवळी गेली गवतावर. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने शिडीला सांगितलं. शिडी कानाशी येऊन म्हणाली, "वेडी आहेस का? राहू दे तसंच. सर आले की आत्यांना सांग चावा, त्या चावतील पुढे, दात जुळतील. सरांना काय स्वप्न पडणार आहे?"

आत्याने ते ऐकलं. तिचे कान काही दातांबरोबर गेले नव्हते.

"ती खरं बोलतेय," आत्या म्हणाली. "मी धरते ना पुढे. इतकी वर्षं धरलाय, आणखी थोडा वेळ धरीन. तू पाश हो."

"आणि मग?" खडू म्हणाली. "जेवताना काय करशील? हसताना?"

"मी कुठे हशते? ते दात डब्यात जायचेत, माहितेय ना तुला."

"आत्या, गप्प बस."

उभ्या जन्मात खडू आत्याशी असं बोलली नव्हती. आत्या खरंच गप्प बसली. खडूने खालचे दात तिच्या तोंडातून काढले, सुरी दिव्यावर धरली आणि एकेक दात मेणातून उपटायला लागली. काल दिवसभर खपून बसवलेले खालचे सगळे दात. ते पेल्यातल्या थंड पाण्यात टपाटप पडत होते आणि शिडी डोळे झाकून "अगं आई गं" म्हणत होती.

वरचे दात तसेच राहणार होते. खालच्यासाठी चावा नव्याने मापायचा होता. पण मापायचा कसा? जागी असली की आत्याचा जबडा आपोआप पुढे. जीभ मागे टाळूला लाव, म्हटलं, तरी पुढे. गिळ, म्हटलं, तरी पुढे. सैल सोड, म्हटलं तर आणखीच पुढे, कारण सैल सोडायचं म्हटलं की माणूस ताठच होतं. तिसऱ्या वर्षात खडू एवढं शिकली होती की घाबरलेल्या माणसाला घाबरू नका म्हणून काही उपयोग नसतो. त्याला काहीतरी काम द्यावं लागतं.

"उठून बस," ती म्हणाली. "खांदे मागे. नजर समोर. आता मी हुकूम देणार."

आत्याने भुवया उंचावल्या.

"जबडा, उघड! मीट! उघड! मीट! एक, दोन, एक, दोन! मागची रांग, हळू चालतेय!"

आत्या आधी चमकली, मग तिच्या डोळ्यांत हसू आलं, आणि मग ती चक्क कवायत करायला लागली. उघड, मीट, उघड, मीट. जन्मभर दुसऱ्यांना नाचवलं, आता भाचीने हिला नाचवलं. थोड्या वेळाने जबडा दमला. दमलेल्या जबड्याला लाजायचं भान राहत नाही. तो मुकाट्याने आपल्या जागी गेला, आणि खडूने मऊ मेणात तो तिथेच पकडला. तिने पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा करून पाहिलं. तीच जागा.

आता खालचा साचा प्लास्टरने यंत्रावर नव्याने बसवायचा, आणि प्लास्टर कोणाची घाई ऐकत नाही. पण प्लास्टर घासायच्या यंत्राखाली जे गढूळ पाणी साठतं, ते मिसळलं की नवं प्लास्टर झटपट घट्ट होतं, हे खडू दुसऱ्या वर्षी धांदरटपणे चुकीची बादली उचलून शिकली होती. तेव्हा सगळा वर्ग हसला होता. आज ती बादली शोधत धावली.

परत आली तर मॅडम तिच्या खुर्चीपाशी उभ्या. परीक्षेच्या दिवशी खालचा जबडा बोडका! त्यांनी खडूकडे पाहिलं. खडूने धापा टाकत काय ते सांगितलं. मॅडमनी पितळी यंत्राकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"दिसतंय तर म्हणाले होते ना मी काल," त्या म्हणाल्या. "मलाही दिसलं नाही." आणि पुढे गेल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "सर मधल्या ओळीत आहेत. पुन्हा!"

आणि खडू कामाला लागली.

काय सांगावं त्या दुपारचं! दुसऱ्या वर्षी जे काम आठवडे खात होतं, ते तिच्या बोटांखालून पाण्यासारखं सुटायला लागलं. पेल्यात हात घातला की दात हाताला लागायचा, आणि तो कुठल्या बाजूचा, कितवा, हे बघायची गरजच नव्हती. पहिल्या वर्षी मोरीतल्या साबणांवर तिने तो शंभरदा कोरला होता. मेण किती तापलंय ते वासावरून कळत होतं. मध्येच वरचा एक दात किंचित फिरवावा लागला, तो फिरवला, आणि शेजारचा रुसला नाही. काम तेवढंच होतं, उलट जास्तच होतं. पण तिच्या एक ध्यानात आलं आणि ती मनातल्या मनात दचकली. तिला भीती वाटत नव्हती. तिला मजा येत होती. तुला काय वाटतं, असं आता कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

शेवटची दाढ बसली तेव्हा पेन्सिलीची टकटक शिडीच्या म्हाताऱ्यापर्यंत आली होती. मेण गुळगुळीत करायला वेळ उरला नव्हता. तिने दात धुतले, आत्याच्या तोंडात घातले, आणि सर समोर उभे राहिले.

त्यांनी खालच्या हिरडीवर पेन्सिल फिरवली. "मेण खरबरीत आहे. वरचं कसं सुंदर झालंय. खालचं असं का?"

गप्प राहिली असती तर थोडे मार्क जाऊन भागलं असतं. पण खडूने सगळं सांगितलं. काल चावा चुकला तो, आज सकाळी दात जुळले ते, आत्या झोपली ते, सगळे उपटले ते.

"म्हणजे सकाळी चुकीचे दात बरोबर दिसत होते?"

"हो सर."

"मग ठेवायचे तसेच."

"त्या दातांनी तिला जेवता आलं नसतं, सर."

 सर आत्याकडे वळले. "एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजा बघू."

डॉक्टर लोक हे मुद्दाम मोजायला लावतात. साठीच्या आकड्यांत 'स' ठासून भरलेला असतो, आणि कवळी चुकली असेल तर तिथेच घसरते. आत्याने खडूकडे पाहिलं. रुमाल तोंडापाशी नेला, मग थांबली.

"एकसष्ट," ती म्हणाली. "बासष्ट. त्रेसष्ट."

स्वच्छ. तिचा तिलाच विश्वास बसेना. चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, प्रत्येक आकड्याला आवाज एकेक पायरी वर चढत गेला. सत्तर म्हटलं तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा म्हाताराही मान वळवून बघायला लागला.

"काम काय करायचात?" सरांनी विचारलं.

"शाळेत कवायत घ्यायचे."

"असं? मग द्या की एखादा हुकूम. मैदानावर द्यायचात तसाच. जोरात बोलताना दात टिकतात का, ते मला बघायचंय."

 सरांना गवताची गोष्ट माहीत नव्हती. "सर, हे नुसतं मेण आहे अजून," ती म्हणाली, "जोरात नको..." पण आत्या खुर्चीतून उतरली होती. गळ्यात पेशंटचं निळं फडकं, पायांत चपला. ती दोन खुर्च्यांच्या मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली.  आत्याने रुमालाची घडी घातली, खडूच्या कोटाच्या खिशात कोंबली आणि छाती भरून घेतली.

"साव...धान!"

काचा हादरल्या म्हटलं तर खोटं नाही. त्या लांबलचक हॉलमध्ये ट्रे खाली ठेवल्याचे आवाज झाले आणि मग सगळे, अगदी सगळे, ताठ उभे. विद्यार्थी, नर्सबाई, झाडू घेतलेली मावशी, दारातल्या मॅडम. शिडी तर इतकी ताठ झाली की डोक्यावरचा दिवा तिला लागला. तिचा म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या छाती काढून. आणि पेन्सिलवाले सर, टाचा जुळवून, पेन्सिल पँटच्या शिवणीला लावून, नजर समोर. कधीकाळी कुठल्यातरी मैदानावर त्यांनाही कोणीतरी असंच उभं केलं असणार.

खडू फक्त आत्याच्या तोंडाकडे बघत होती. दात जागच्या जागी होते.

आत्यालाही ते कळलं. तिने जिभेने चाचपून पाहिलं, आणि मग ती हसली. रुमाल नाही, हात नाही, उघड्या तोंडाने, सगळ्या दातांनिशी हसली. "दुसरी ओळ," ती कडाडली, "पोट आत!" आणि दुसऱ्या ओळीने पोटं आत घेतली.

मग ती हळूहळू चालत खडूसमोर आली, टाच आधी टेकवत. खडू ताठ उभी होती. हातांना मेण, कोपरापर्यंत प्लास्टर, केसांत पांढरी भुकटी, पहिल्या वर्षी असायची तशीच. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण सावधान म्हणजे सावधान, पुसायची सोय नव्हती. आत्याने भाचीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, तिच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, एकही अक्षर न घसरता म्हणाली,

"शाबास, डॉक्टर. विश्राम."